पहिल्यांदा कुणाला सांगितलं?

मारहाण सोसणारी बाई ती गोष्ट पहिल्यांदा ज्याच्यापाशी बोलते, त्याच्या तोंडून निघणाऱ्या पुढच्या वाक्यावर फार काही अवलंबून असतं. हा ऐकणारा माणूस क्वचितच वकील किंवा पोलीस असतो. बहुतेक वेळा ती तिची आई असते, पाठची बहीण असते, शेजारीण असते, भातलावणीला बांधावर सोबत असलेली एखादी मावशी असते. गरोदरपणाची नोंद करायला आलेली आशाताई असते, नाहीतर अंगणवाडीताई. "सगळ्यांच्याच घरात होतं गं, पोरांकडे बघ आणि गप बस" असं उत्तर मिळालं, तर ती बाई पुन्हा कित्येक वर्षं तोंड उघडत नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, आता आपण दोघी मिळून बघू" असं ऐकू आलं, तर तिला उभं राहायला थोडी जागा मिळते. कौटुंबिक हिंसाचारावर कायदे झाले, कक्ष निघाले, हेल्पलाइन सुरू झाल्या. त्या सगळ्यांच्या आधी हे एक वाक्य येतं. रायगड जिल्ह्यातल्या कडाव आणि भोवतालच्या गावा-वाड्यांसाठी तयार केलेली ही पुस्तिका त्या पहिल्या ऐकणाऱ्यांच्या हाती द्यायची आहे.

कडाव म्हटलं की बाहेरच्यांना बालदिगंबर गणपतीचं देऊळ आठवतं, खालापूर म्हटलं की महडचा वरदविनायक. इथे राहणाऱ्याला आणखी बरंच दिसतं. उल्हास आणि पेज नद्यांच्या काठची भातखाचरं, कर्जतची लोकल धरून अंबरनाथ-कल्याणपर्यंत कामाला जाणारी पोरं, खोपोली-खालापूरचे कारखाने, जमिनी विकून घरात आलेला पैसा, त्या जमिनींवर उभी राहिलेली फार्महाऊसं आणि तिथे झाडलोट-स्वयंपाक करणाऱ्या बायका. डोंगराच्या कडेने ठाकूर आणि कातकरी वाड्या आहेत. दिवाळी सरली की त्यांतली कित्येक घरं वीटभट्टीवर निघून जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हे सगळं सांगायचं कारण असं, की मार सगळीकडे सारखाच लागला तरी सुटायच्या वाटा सगळीकडे सारख्या नसतात. भट्टीवर गेलेल्या बाईच्या आसपास तिचं माहेर नसतं, ओळखीची आशाताई नसते, आणि नवऱ्याने मालकाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत दोघांनाही तिथून हलता येत नाही. जमीन विकलेल्या घरात पैसा असतो, पण तो तिच्या हाती नसतो. शिवाय घराण्याचं नाव असतं, त्यामुळे तिचं तोंड जास्तच घट्ट मिटलेलं असतं. "ते वाडीवर चालतं, आमच्याकडे नाही" असं गावठाणातली माणसं सहज म्हणून जातात. कुडाच्या भिंतीतून आवाज बाहेर येतो, सिमेंटच्या भिंतीतून येत नाही. हे ध्यानात घेतलं नाही, तर पुढच्या पानांचा काही उपयोग नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी 2019 ते 2021 या काळात झाली. त्यात 18 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी देशभरात 29.3 टक्के जणींनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. महाराष्ट्रात हे प्रमाण साधारण चौघींत एक असं पडतं. परक्या सर्वेक्षकापाशी जेवढ्या बोलल्या तेवढ्यांचा हा आकडा. मला त्याच अहवालातला दुसरा आकडा जास्त अस्वस्थ करतो. हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी 77 टक्के जणींनी कुणाकडेही मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं. मदत मागणाऱ्या जेमतेम 14 टक्के, आणि त्यांतल्याही बहुतेक जणी आधी आपल्या माहेरच्या माणसांकडे गेलेल्या. पोलीस, डॉक्टर, वकील यांच्यापर्यंत पोचलेल्यांची संख्या अगदीच थोडी. आणखी एक गोष्ट त्याच सर्वेक्षणात आहे. सात कारणांची यादी वाचून दाखवली, त्यांतल्या एखाद्या तरी कारणासाठी नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे, असं 45 टक्के स्त्रिया आणि 44 टक्के पुरुष म्हणाले. न सांगता घराबाहेर जाणं, सासू-सासऱ्यांचा मान न ठेवणं, स्वयंपाक नीट न करणं अशी ती कारणं. म्हणजे पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात "तिचं काय चुकलं असेल" हा प्रश्न आधीपासूनच तयार असतो. ऐकणारी बाई असली तरीही.

बाईने सांगूनही ते ओळखलं न जाणं, हे महाराष्ट्राने एकदा फार जवळून पाहिलं आहे. 1982 च्या फेब्रुवारीत बीडच्या मंजुश्रीचं पुण्याच्या सारडा घरात लग्न झालं आणि त्याच वर्षी जूनमध्ये सायनाइडच्या विषबाधेने तिचा मृत्यू झाला. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 17 जुलै 1984 च्या निकालात न्यायालयाने पतीची निर्दोष मुक्तता केली. आत्महत्येची शक्यता फेटाळता येत नाही आणि संशयाचा फायदा आरोपीला मिळाला पाहिजे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. परिस्थितीजन्य पुरावा कसा तपासावा, याच्या कसोट्या सांगणारा निकाल म्हणून वकील आजही तो अभ्यासतात. त्या निकालपत्रात मंजुश्रीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांची चर्चा पानोपानी आहे. लग्नानंतरच्या चार महिन्यांत ती आपलं एकटेपण आणि आपली होणारी उपेक्षा आपल्या माणसांना कळवत होती. माहेरी आली तेव्हाही बोलली, असं साक्षींत आलं आहे. तिच्या माणसांना दोष द्यायचा हा विषय नव्हे. सासरी रुळायला वेळ लागतो, थोडं सबुरीने घ्यावं, हेच त्या काळी कुठल्याही मायेच्या माणसाला सुचलं असतं. काय ओळखायचं आणि पुढे काय करायचं, हे कुणी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं. पुण्यात विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला आणि 'मी एक मंजुश्री' नावाचं प्रदर्शन ठिकठिकाणी नेलं. न्यायालयात गुन्हा सिद्ध होणं आणि समाजाने आधीच ओळखणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या प्रदर्शनाने लोकांसमोर मांडलं. ही पुस्तिका त्यांतल्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आहे.

मंजुश्रीच्या मृत्यूनंतरचा इतिहास थोडक्यात पुरे. 1983 मध्ये भारतीय दंड संहितेत 498-अ हे कलम आलं. 1 जुलै 2024 पासून तोच गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 85 खाली येतो. 1984 मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या आवारात, पण पोलिसांचा गणवेश नसलेली प्रशिक्षित कार्यकर्ती बसवायची, ही त्यामागची साधी आणि फार उपयोगी कल्पना होती. 2000 च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि 'सेहत' संस्थेने 'दिलासा' केंद्र उघडलं, कारण मारहाण झालेली बाई पोलिसांकडे जाण्याच्या कितीतरी आधी केसपेपर काढायला दवाखान्यात येते. आणि 26 ऑक्टोबर 2006 पासून कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण अधिनियम, 2005 अमलात आला.

या सगळ्यातून खेड्याने घ्यायचा धडा दिलासा केंद्राचा आहे, असं मला वाटतं. बाई जिथे आधीच येते, तिथे ओळखणारी नजर असली पाहिजे. आपल्याकडे ती कुठे येते? अंगणवाडीत, उपकेंद्रात, रेशनच्या रांगेत, बचत गटाच्या बैठकीत, शाळेच्या पालकसभेत, पिठाच्या गिरणीत.

तिथे काय दिसतं, हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण सुजलेला डोळा कुणालाही ओळखता येतो. वैशाखाच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ब्लाउज किंवा ओढणी गळ्याभोवती घट्ट गुंडाळलेली दिसते. "पाय घसरला", "मोरीत पडले", "चुलीवर भाजलं" ही कारणं पुन्हा पुन्हा येतात, आणि जखम मात्र पडल्यावर होते तशा जागी नसते. पाठीवर, दंडाच्या आतल्या बाजूला, कानामागे असते. उपकेंद्रात नर्सने तिला प्रश्न विचारला की उत्तर नवरा किंवा सासू देते, आणि ती एकटी आत यायला तयार नसते, किंवा तिला एकटीला येऊच दिलं जात नाही. गरोदरपणातल्या तपासण्या चुकतात. बचत गटात नियमित येणारी अचानक यायची थांबते. कर्ज तिच्या नावावर निघतं, पैसे दुसऱ्याच्या खिशात जातात आणि हप्त्याच्या दिवशी ती उसने मागत फिरते. फोन असतो, पण लागतो तेव्हा नवऱ्याच्या हातात असतो. बोलताना ती सारखी मागे बघते. शाळेत पोर सोमवारी गैरहजर असतं किंवा वर्गात झोपतं. थोरली मुलगी शाळा सुटल्यावरही घरी जायचं टाळते; आईला एकटं सोडायचं नसतं, पण तिला मार खाताना बघायचंही नसतं.

आणि जिथे अंगावर कुठलाच वळ नाही, तिथे? 2005 च्या कायद्याच्या कलम 3 मध्ये शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक अशी चारही प्रकारची हिंसा आली आहे. मुलगा झाला नाही म्हणून रोज टोचून बोलणं ही हिंसा आहे. रेशन, औषधपाणी, पोरांची फी यांसाठी पैसे न देणं, तिची मजुरी काढून घेणं, तिचे दागिने न विचारता गहाण टाकणं ही हिंसा आहे. मनाविरुद्धचा संबंध ही हिंसा आहे. हे शेवटचं तर बायका एकमेकींतही क्वचितच बोलतात; पाळी चुकल्याची किंवा अंगावरून जात असल्याची तक्रार घेऊन येतात, आणि समोरची नर्स घाईत नसेल तरच पुढचं निघतं. कायदा फक्त बायकोपुरता नाही, हेही सांगून ठेवते: घरातली विधवा वहिनी, अविवाहित बहीण, म्हातारी आई यांनाही तो लागू आहे. लग्नाचा खर्च परवडत नाही म्हणून आधी संसार थाटून पुढे कधीतरी लग्न लावणारी जोडपी आपल्या वाड्यांवर आहेत. लग्नासारख्या नात्यात एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही हा कायदा संरक्षण देतो. "तुमचं लग्नच कुठे झालंय" असं म्हणून तिला परत पाठवणारा माणूस चूक सांगतो आहे.

काही खुणांवर मात्र थांबायला वेळ नसतो. त्यांतली सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे गळा दाबणं. बाई हे बहुधा "मान धरली" एवढ्याच शब्दांत सांगते. बाहेरून खूण दिसेलच असं नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं, नकळत लघवी होणं, यांतलं काहीही असलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा, कारण मानेतल्या रक्तवाहिन्यांना झालेली इजा काही तासांनी किंवा दिवसांनीही जिवावर बेतते. एकदा गळ्याला हात घातलेल्या माणसाने पुढे जीव घेण्याचा धोका कितीतरी वाढलेला असतो. गरोदरपणात पोटावर मारणं, कोयता किंवा रॉकेलचा डबा दाखवणं, "तुला संपवतो, मग मी पण मरतो" अशी धमकी, सततचा संशय, मारण्याचं प्रमाण अलीकडे वाढलेलं असणं, हे त्याच्याच पंक्तीतलं. आणि जी गोष्ट आपण सुटका समजतो, ती घर सोडून निघण्याची वेळ सर्वांत धोक्याची असते. म्हणून "निघून ये बघू आत्ताच्या आत्ता" हा सल्ला, कितीही मायेपोटी दिला तरी, तयारीशिवाय देऊ नये. कुठे जायचं, पोरं कशी न्यायची, आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक कुणाकडे ठेवायचं, कुठल्या शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायचं, हे ठरवायला वेळ लागतो, आणि तो ज्याच्यावर तिचा भरवसा आहे अशा माणसाबरोबर घालवावा लागतो.

दारूबद्दल बोलल्याशिवाय आपल्याकडे या विषयावरची एकही बैठक संपत नाही. गावोगावच्या बायकांनी आडव्या बाटलीसाठी मतदान करून दुकानं बंद पाडली, तो महाराष्ट्रातल्या बायकांच्या हिमतीचा मोठा अध्याय आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. दारूने मार वाढतो, तो जास्त घातक होतो, घरातला पैसा जातो, हे सगळं खरं. पण दारू प्यालेला तोच माणूस मुकादमावर हात उचलत नाही, नाक्यावरच्या दुकानदाराला शिव्या देत नाही, घरी पोचेपर्यंत सांभाळून चालतो. कुणावर हात उचलला तर चालतं, हे त्याला नशेतही नीट कळत असतं. शिवाय न पिणारे, माळकरी, देवळात नेमाने जाणारेही मारतात. "दारू सुटली की होईल नीट" या आशेवर तिची वर्षं निघून जातात. दारू सोडवायचे प्रयत्न जरूर व्हावेत, मात्र ती सुटेपर्यंत मार खात राहा असा त्याचा अर्थ कुणी तिला सांगू नये.

आता गावाकडे येऊ. गाव काहीच करत नाही, ही तक्रार मला पटत नाही. गाव नेहमीच काहीतरी करतं. भावकी जमते, गावकी बसते, पंच येतात, दोन्हीकडची माणसं चटईवर बसतात, चहा होतो, नवऱ्याला चार शब्द सुनावले जातात, बाईला "नांदायला" परत पाठवलं जातं. फारच झालं तर काडीमोड होते. अडचण अशी, की या बैठकीत बसणारे जवळजवळ सगळे पुरुष असतात, बाई दाराआड किंवा कोपऱ्यात खाली मान घालून असते, आणि बैठकीचं यश घर मोडलं की टिकलं यावर मोजलं जातं. परत गेल्यावर त्या रात्री तिचं काय झालं, हे विचारायला दुसऱ्या दिवशी कुणी जात नाही. मूठभर माणसांच्या हातात न्याय गेला की काय होतं, हे रायगड जिल्ह्याला ठाऊक आहे. इथल्या वाळीत टाकण्याच्या प्रकरणांनी अनेक वर्षं बातम्यांची पानं भरली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा देशात पहिल्यांदा महाराष्ट्राने केला. तो जुलै 2017 मध्ये अमलात आला. बैठकीत न आल्याबद्दल किंवा पोलिसांत गेल्याबद्दल कुणा बाईच्या माहेरावर बहिष्कार टाकला, तर तो आज गुन्हा आहे.

सरकारनेही नकळत या तडजोडीच्या सवयीला बळ दिलं. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, वाटेचे, पाण्याचे कितीतरी जुने वाद तिने मिटवले, आणि कोर्टाच्या चकरांतून सुटलेल्या शेतकऱ्यांना तिचं मोल ठाऊक आहे. पण तंटे मिटल्याबद्दल गावाला बक्षीस मिळणार असेल, तर मार खाणाऱ्या बाईची तक्रार हा गावाच्या बक्षिसातला अडसर ठरतो. बांधाच्या भांडणात दोघांनी दोन पावलं मागे सरकावीत, हे ठीक. मारात तिने कुठे मागे सरकायचं? पोलीस ठाण्यातही हीच गोष्ट वेगळ्या भाषेत होते: "एनसी घेतो, समज देतो, घरचा मामला आहे." एनसीचा, म्हणजे अदखलपात्र नोंदीचा, कागद घेऊन ती परत येते आणि पोलिसांत गेल्याचाही मार खाते.

म्हणून गावातल्या बैठका बंद करा, असं आम्ही म्हणत नाही. म्हटलं तरी त्या बंद होणार नाहीत. त्या बैठकीत तिच्या बाजूने बसणाऱ्या दोन बायका असाव्यात, तिला आधी एकटीला ऐकून घेतलेलं असावं, परत जायचं की नाही हे ती ठरवेल असं सुरुवातीलाच सांगितलेलं असावं. ठरलेल्या गोष्टी कागदावर असाव्यात आणि पुढच्या महिन्यात कुणी तिची विचारपूस करायची ते नाव घेऊन ठरावं. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ती सह्यांपुरती उरते. त्या सभेत हा विषय वर्षातून एकदा तरी घ्यायला कुठलाही खर्च येत नाही.

कायद्याची जी बाजू गावात पोचलेलीच नाही, ती इथे सांगते, कारण भीतीचं मूळ तिथे आहे. "तक्रार केली की नवरा आत जाणार, मग खायला कोण घालणार?" ही भीती 498-अ ची, म्हणजे आताच्या कलम 85 ची, आहे. 2005 चा कायदा मुळात वेगळा आहे. त्यात बाई दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मागते ते असं: मला मारू नये असा आदेश, मला या घरातून काढू नये असा आदेश, खर्चाला पैसे, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई. हा आदेश नवऱ्याने मोडला, तर मग तो गुन्हा ठरतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कलम 17 सांगतं, की ज्या घरात ती नात्याने राहिली त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, घर कुणाच्याही नावावर असो. घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो हक्क नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केलं. अर्ज या कायद्याखाली सरकारने नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत करता येतो किंवा थेटही. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे तिला आधीच सांगावं. स्त्रीला सरकारी खर्चाने वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. कर्जतच्या आणि खालापूरच्या न्यायालयात विधी सेवा समितीकडे त्यासाठी अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन करायचा. ऐकणाऱ्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं कलम 4 आहे: हिंसा होते आहे अशी माहिती कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला देऊ शकतो, आणि ती प्रामाणिकपणे दिली असेल तर माहिती देणाऱ्यावर कुठलाही दावा किंवा खटला चालत नाही. "आपण कशाला मध्ये पडा, उद्या आपल्यावरच केस व्हायची" या वाक्याला हे उत्तर आहे.

कागदावरचा हक्क आणि कडाव यांच्यामध्ये मात्र रस्ता आहे. जिल्ह्याची कार्यालयं अलिबागला. कडावहून कर्जत, तिथून पनवेल किंवा खोपोली, मग पेण, मग अलिबाग. कडेवर पोर, हातात पैसा नाही, दिवसाची मजुरी बुडणार आणि संध्याकाळी उशिरा परत त्याच घरात शिरायचं. ज्या बाईला रेशनला जातानाही विचारावं लागतं, ती हा दिवस कसा काढणार? मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना तालुका पातळीपर्यंत संरक्षण अधिकारी नेमायला सांगितलं, ते याच अडचणीमुळे. कायदा येऊन तेव्हा जवळजवळ वीस वर्षं झाली होती! तालुक्यात असा अधिकारी मिळेपर्यंत गावाने काय करायचं, तर तिच्याबरोबर जायचं. आशाताईने किंवा बचत गटातल्या एकीने सोबत केलेली एक फेरी दहा पत्रकांपेक्षा जास्त काम करते.

माहेराबद्दल मला मोकळेपणाने बोलायचं आहे. आकडे सांगतात की बाई आधी तिथेच जाते. आणि तिथेच तिला बहुतेकदा परत पाठवलं जातं; दुष्टपणाने नव्हे, तर भावाच्या संसारात जागा नाही म्हणून, धाकटीचं लग्न व्हायचंय म्हणून, लोक काय म्हणतील म्हणून. नवऱ्याने टाकलेल्या बायकांचा प्रश्न महाराष्ट्रात 1980 च्या दशकात संगमनेरला निशा शिवूरकर आणि समता आंदोलनाने, सांगली जिल्ह्यात इंदुताई पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभा केला. त्या बायकांच्या मागण्या रेशन कार्ड आणि राहायला जागा इतक्या साध्या होत्या. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याच सुमारास लक्ष्मीमुक्तीचं आवाहन करून शेतकऱ्यांना जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायला लावला. हे केवळ मानाचं काम नव्हतं, हे पुढे अभ्यासानेही दिसलं. प्रदीप पांडा आणि बिना अगरवाल यांनी केरळच्या तिरुअनंतपुरम जिल्ह्यात पाहणी केली. जमीन किंवा घर काहीच नावावर नसलेल्या स्त्रियांपैकी 49 टक्के जणींना नवऱ्याकडून मारहाण झाली होती, आणि दोन्ही नावावर असलेल्यांपैकी 7 टक्के. आपल्याकडे जमिनींचे व्यवहार इतक्या वेगाने होत असताना किती सातबाऱ्यांवर बायकांची नावं आहेत, ग्रामपंचायतीच्या घराच्या उताऱ्यावर पतीबरोबर पत्नीचं नाव आहे का, हे प्रत्येक ग्रामसभेने विचारावं. मुलीच्या लग्नात मंडपावर जेवढा खर्च होतो, त्यातला थोडा तिच्या नावावरच्या एका खोलीसाठी ठेवणारा बाप मला अजून भेटायचा आहे; भेटला तर त्याचं नाव पुढच्या आवृत्तीत त्याच्या परवानगीने छापू.

पुरुषांशिवाय हे होणार नाही, आणि ते येतात. 1991 मध्ये मुंबईत एका पत्रकाराने वर्तमानपत्रात जाहिरात दिली: बायकांना मारणं चूक आहे असं मानणारे पुरुष हवेत. 205 जणांनी उत्तर दिलं आणि त्यातूनच 1993 मध्ये 'मावा' ही पुरुषांची संघटना उभी राहिली. गावात भजनी मंडळ आहे, क्रिकेटची टीम आहे, दहीहंडीचं पथक आहे. मारणाऱ्याला त्याच्या टीममधल्या मित्राने बाजूला घेऊन सांगितलेलं जेवढं लागतं, तेवढं परक्या मॅडमचं व्याख्यान लागत नाही. युगांडाच्या कंपाला शहरात 'सासा' नावाचा कार्यक्रम याच पायावर चालला. तिथल्या साध्या रहिवाशांनी काही वर्षं आपल्या शेजाऱ्यांशी घरातल्या सत्तेबद्दल गप्पा मारल्या. जिथे तो चालला त्या वस्त्यांत जोडीदाराकडून होणारी शारीरिक मारहाण इतर वस्त्यांच्या तुलनेत 52 टक्के कमी आढळली. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून असं दिसतं, की शेजार बदलला की घर बदलतं आणि त्यासाठी एक पिढी थांबावं लागत नाही.

पुढच्या पानांत ओळखण्याच्या खुणा आहेत, सुरक्षिततेची तयारी कशी करायची ते आहे, अर्जाचा नमुना आहे. ऐकताना काय बोलावं, हे एका वेगळ्या पानावर मोठ्या अक्षरांत दिलं आहे. तिला एकटीला गाठा, नवरा किंवा सासू समोर असताना विचारू नका. "का मारलं?" असं विचारू नका, "लागलंय का, आज घरी जायला भीती वाटते का?" असं विचारा. तिच्या परवानगीशिवाय नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नका. त्याचा हिशेब तो तिच्यावर काढतो. ती परत गेली तर रागावू नका, दार उघडं ठेवा, कारण बऱ्याच जणी अनेकदा परत जाऊन मगच कायमच्या बाहेर पडतात. आणि तिने सांगितलेलं नळावर नेऊ नका.

शेवटचं पान जवळजवळ कोरं ठेवलं आहे. त्यावर 112 (तातडीची मदत) आणि 181 (महिला हेल्पलाइन) हे दोन क्रमांक छापले आहेत, बाकीचं तुम्ही भरायचं: तालुक्याच्या, नसेल तर जिल्ह्याच्या, संरक्षण अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाइल, जवळच्या पोलीस ठाण्याचा क्रमांक, पोलीस पाटलांचा, रात्री येईल अशा रिक्षावाल्याचा. खाली दोन ओळी आहेत, त्यांत तुमच्या वाडीतल्या अशा दोन घरांची नावं लिहा, जिथे कुठल्याही बाईला पोरांसकट एक रात्र न विचारता झोपता येईल. ही दोन घरं आधी बैठक घेऊन ठरवा, त्या घरातल्या पुरुषांचीही संमती घ्या. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, म्हणून नावं पेन्सिलने लिहा आणि दर सहा महिन्यांनी फोन लावून पाहा.